सीमारेषेवरचा आवेश आणि मैदानावरचा निकाल

२०१३-१४च्या हंगामात माद्रिद शहरातल्या दोन मोठ्या संघांकडे दोन टोकांच्या स्वभावाचे मॅनेजर होते. ॲटलेटिकोचे दिएगो सिमिओने काळ्या सुटात नव्वद मिनिटे सीमारेषेवर येरझारा घालत, हात वर करकरून प्रेक्षकांना उठवत, पंचांच्या प्रत्येक निर्णयावर उसळत. रिआलचे कार्लो अँचेलोत्ती हात खिशात घालून उभे असत. नाराजी दिसलीच तर ती चढलेल्या भुवईत. लीगचे विजेतेपद ॲटलेटिकोने ९० गुणांसह मिळवले, रिआल ८७ गुणांवर थांबले. त्याच मे महिन्यात लिस्बनला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रिआलने जादा वेळेत ४-१ अशी बाजी मारली आणि सिमिओने चिडून मैदानात शिरल्यामुळे त्यांना बाहेर काढले गेले. म्हणजे एकाच हंगामात त्याच दोन माणसांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली. सीमारेषेवरच्या आवेशाने संघ चांगला खेळतो का, या वादात दोन्ही बाजूंना हवी तितकी उदाहरणे सापडतात ती यामुळेच. उदाहरणांवर हा वाद सुटणारा नाही. त्यासाठी आधी आवेश म्हणजे नेमके काय, तो खेळाडूपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो आणि निकालातला त्याचा वाटा इतर वाट्यांपासून वेगळा कसा काढायचा, हे पाहावे लागते. गेल्या चार-पाच दशकांतले क्रीडा-मानसशास्त्र आणि क्रीडा-अर्थशास्त्र एकत्र वाचले की एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट होते. आवेश हा संघात बाहेरून ओतायचा जोर नाही. तो एक संदेश असतो, आणि तो वाचायला खेळाडू आठवडाभर सरावात शिकलेले असतात. जिथे हे शिकणे झालेले नसते तिथे आवेशाचा उपयोग फारसा दिसत नाही, तोटा मात्र दिसतो.

मॅनेजर सीमारेषेवर आला कधी

सामना चालू असताना उभे राहून सतत सूचना देणारा मॅनेजर फुटबॉलच्या इतिहासात तसा नवा आहे. पूर्वी मैदानाबाहेरून खेळाडूंना शिकवणे नियमात बसत नव्हते. मॅनेजर बाकावर किंवा स्टँडमध्ये बसे आणि त्याचे खरे काम सामन्याआधी नि मध्यंतरात असे. १९९३मध्ये नियमावलीत टेक्निकल एरियाला जागा मिळाली आणि बाकाभोवतीच्या आखलेल्या चौकटीतून सूचना देणे अधिकृत झाले. ही चौकट बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि पुढे सीमारेषेपासून एक मीटर अंतरापर्यंत असते. सूचना देण्यासाठी एका वेळी एकानेच पुढे यायचे. याच सुमारास फुटबॉलच्या प्रक्षेपणाचा बाजार वाढला आणि कॅमेऱ्यांना एक ठरलेला माणूस एका ठरलेल्या जागी मिळाला. तेव्हापासून मॅनेजरचा चेहरा हा सामन्याच्या गोष्टीचा भाग झाला. पुढे या आवेशाला लगाम घालायचीही वेळ आली. २०१९च्या नियमबदलाने संघ-अधिकाऱ्यांनाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवता येऊ लागले. बाकावरचा दोषी कोण हे ओळखता आले नाही तर शिक्षा मुख्य प्रशिक्षकालाच, असेही ठरले. थोडक्यात, नियम करणाऱ्यांनी सीमारेषेवरचे वर्तन सामन्यावर परिणाम करू शकते असे धरूनच दोन्ही पावले उचलली: आधी सूचनेला मुभा दिली, मग उद्रेकाला दंड ठेवला. या दोन गोष्टींमधला फरक पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा आहे.

आवेश पोहोचतो, असे मानणारे

पहिल्या बाजूचा पाया भावनेच्या संसर्गाचा आहे. इलेन हॅटफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसे एकमेकांचे हावभाव, आवाज आणि अंगस्थिती नकळत उचलतात आणि त्याबरोबर भावनाही उचलतात. खेळात याचा एक चांगला पुरावा क्रिकेटमधून आला. पीटर टॉटरडेल यांनी इंग्लंडच्या व्यावसायिक क्रिकेटपटूंना सामना चालू असतानाच आपली मनःस्थिती नोंदवायला लावली. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका खेळाडूचा आनंद सहकाऱ्यांच्या आनंदाशी जोडलेला आढळला, आणि सामन्याची स्थिती अनुकूल असण्याचा परिणाम वजा केल्यावरही हा संबंध टिकला. फुटबॉलमध्ये मोल, योर्डेट आणि पेपिंग यांनी २०१०मध्ये विश्वचषक आणि युरो स्पर्धांमधल्या पेनल्टी शूटआउटचे चित्रण तपासले. गोल केल्यावर दोन्ही हात उंचावून ठळकपणे आनंद दाखवणारे खेळाडू अखेरीस जिंकणाऱ्या संघात अधिक प्रमाणात होते. या बाजूचे म्हणणे असे, की खेळाडू-खेळाडूंत भावना पसरत असेल तर ज्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते त्या मॅनेजरची भावना अधिकच पसरणार. युर्गन क्लॉप यांचे लिव्हरपूल हे त्यांचे लाडके उदाहरण. २०१९ची चॅम्पियन्स लीग आणि २०१९-२०ची ९९ गुणांची लीग ही दोन्ही यशे मुठी आवळून गर्जणाऱ्या माणसाच्या हाताखाली आली, आणि संघाचा धावून दाबण्याचा खेळ त्याच्या स्वभावाचेच रूप वाटे.

हा युक्तिवाद ऐकताना पटतो, पण त्यात एक मोठी फट आहे. टॉटरडेल आणि योर्डेट यांनी पाहिलेला संसर्ग एकाच कामात गुंतलेल्या, एकमेकांशेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यांमधला आहे. मॅनेजर मैदानाच्या एका कडेला असतो आणि त्याच्यासमोरच्या बाजूचा बचावपटू साठ-सत्तर मीटर दूर. चाळीस-पन्नास हजारांच्या गोंगाटात शब्द तिथवर पोहोचत नाहीत. पोहोचलेच तर हातवारे, आणि तेही खेळाडूने मान वळवली तरच. दुसरी गोष्ट काळाच्या क्रमाची. आपल्या लक्षात राहिलेले आवेशाचे क्षण बहुतेक घटनेनंतरचे असतात. २००४मध्ये पोर्टोचे जोसे मोरिन्यो ओल्ड ट्रॅफर्डच्या कडेने धावले ते कोस्टिन्याने शेवटच्या मिनिटाला गोल केल्यावर. डिसेंबर २०१८मध्ये एव्हर्टनविरुद्ध क्लॉप मैदानात शिरले, त्याबद्दल त्यांना ८,००० पौंडांचा दंडही झाला, तेही ओरिगीच्या ९६व्या मिनिटाच्या गोलानंतर. त्या धावण्याने तो गोल झाला नाही, गोलामुळे ते धावणे झाले. आवेश आणि यश एकत्र दिसतात यात शंका नाही. पण कारण कोणते नि परिणाम कोणता, हे त्या चित्रातून कळत नाही.

शांतता अधिक उपयोगी, असे मानणारे

दुसऱ्या बाजूकडे अँचेलोत्ती हे एकटेच पुरेसे मोठे नाव आहे: मॅनेजर म्हणून पाच चॅम्पियन्स लीग आणि युरोपातल्या पाचही प्रमुख लीगची विजेतेपदे. त्यांच्याही आधी दिनामो कीव्हचे व्हालेरी लोबानोव्स्की बाकावर बसल्या जागी मागेपुढे झुलत सामना पाहत. १९७५ आणि १९८६ असा दोनदा कप विनर्स कप त्यांनी जिंकला. पण या बाजूचा खरा जोर नावांपेक्षा लक्ष देण्याच्या क्षमतेविषयीच्या संशोधनात आहे. फ्रँक्स आणि मिलर यांनी १९८६मध्ये दाखवले, की फुटबॉल पाहिल्यानंतर प्रशिक्षकांना त्यातल्या महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्याही नीट आठवत नाहीत. आठवणीची मर्यादा मुळातच एवढी असेल तर चौथ्या पंचाशी हुज्जत घालण्यात गेलेली पाच मिनिटे नुसती फुकट जात नाहीत, ती निरीक्षणातून वजा होतात. प्रतिस्पर्ध्याने मधल्या फळीतला माणूस कुठे हलवला, आपला कोणता खेळाडू दमला, कोणाला बदलायचे, हे त्या पाच मिनिटांत सुटते. बदली खेळाडूंचा निर्णय हे मॅनेजरच्या हातातले सामन्यादरम्यानचे सर्वांत मोठे साधन आहे, आणि आता पाच बदलांची मुभा असल्याने ते आणखी मोठे झाले आहे.

स्मिथ आणि कुशन यांनी २००६मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांच्या युवा संघांच्या सहा प्रशिक्षकांचे सामन्यातले वर्तन मोजले. त्यात सर्वांत मोठा वाटा गप्प राहण्याचा होता, आणि विचारल्यावर हे गप्प राहणे जाणूनबुजून होते असे प्रशिक्षकांनी सांगितले: पाहायचे, खेळाडूंना स्वतः तोडगा काढू द्यायचा. बास्केटबॉलमधला जुना, पायाभूत अभ्यासही याच दिशेचा आहे. थार्प आणि गॅलिमोर यांनी १९७४-७५च्या हंगामात प्रशिक्षक जॉन वुडन यांचे सरावातले उद्गार नोंदवले. सुमारे तीन चतुर्थांश उद्गारांत काय करायचे नि कसे करायचे याची माहिती होती. निव्वळ शाबासकी किंवा निव्वळ राग यांचा वाटा फार लहान होता. शांततेच्या बाजूवरही मात्र तोच आक्षेप घेता येतो जो पहिल्या बाजूवर घेतला. ज्याच्या हाताशी जगातले उत्तम खेळाडू आहेत त्याला शांत राहणे सोपे जाते. २००२च्या विश्वचषकात दहा खेळाडूंवर आलेल्या ब्राझीलपुढे इंग्लंड २-१ने हरले तेव्हा मॅनेजर स्वेन-योरान एरिक्सन यांची हीच शांतता थंडपणा म्हणून झोडपली गेली. निकाल बदलला की त्याच वर्तनाचे नाव बदलते. म्हणून निकाल माहीत झाल्यावर केलेल्या वर्णनांना पुरावा म्हणून कमी किंमत द्यावी लागते, मग ती खेळाडूंची असोत, पत्रकारांची असोत की चाहत्यांची.

राग किती, आणि तो कशाबद्दल

या दोन टोकांच्या मधे सर्वांत भरीव काम झाले आहे ते प्रमाणाच्या प्रश्नावर. बॅरी स्टॉ, कॅथरिन डीसेल्स आणि पीटर डी गुई यांनी २०१९मध्ये शालेय आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या २३ संघांमधली ३०४ मध्यंतराची भाषणे तपासली. प्रशिक्षकाने दाखवलेला राग, नाराजी, वैताग एका मर्यादेपर्यंत वाढत गेला तसा दुसऱ्या सत्रातला खेळ सुधारला. मर्यादा ओलांडली की तो खालावला. उलट्या यू अक्षरासारखी ही वक्ररेषा उत्तेजना आणि कामगिरी यांच्या संबंधात १९०८च्या यर्क्स-डॉडसन प्रयोगापासून ओळखीची आहे. भाषणे दोन्ही सत्रांच्या मध्ये झालेली असल्याने इथे काळाचा क्रम स्पष्ट आहे, आणि हेच या अभ्यासाचे बळ. पण ते मध्यंतर होते. खेळाडू समोर बसलेले, ऐकत असलेले, आणि प्रशिक्षक त्यांना कारण सांगून रागावत असलेला. सीमारेषेवर हे तिन्ही नसते.

खेळाडू राग कसा वाचतो, याचे सर्वांत उपयोगी स्पष्टीकरण हेर्बेन व्हान क्लेफ यांच्या २००९च्या मांडणीत मिळते. तिच्यानुसार भावना ही सामाजिक माहिती असते. दुसऱ्याचा राग पाहून आपण रागावतोच असे नाही. आपण त्यातून अर्थ काढतो. ‘मी चुकलो’, ‘अजून जोर लावायला हवा’, ‘याचा माझ्यावर भरवसा उरला नाही’ असे कितीतरी अर्थ एकाच ओरडण्यातून निघू शकतात. कोणता निघेल हे ओरडणारा आणि ऐकणारा यांच्या आधीच्या नात्यावर ठरते. क्लॉप आणि सिमिओने यांच्या यशाचे कोडे मला इथे सुटताना दिसते. चेंडू गेला की लगेच सगळ्यांनी मिळून दाबायचे हे क्लॉप यांच्या संघात सरावात घोटलेले होते. त्यांनी हवेत मूठ मारली की खेळाडूला त्याचा नेमका अर्थ कळे. सिमिओने डिसेंबर २०११पासून एकाच संघाकडे आहेत. त्यांचा हात वर गेला की बचावाची फळी पुढे सरकायची की मागे, हे तिथल्या खेळाडूला सांगावे लागत नाही. तोच हातवारा, तोच आवाज एखाद्या नव्याने नेमलेल्या मॅनेजरने केला तर तो केवळ आवाज उरतो.

यावर कोणी म्हणेल, की मग आवेश नसता तरी चालले असते, सरावच पुरेसा होता. तसे सरसकट म्हणणे योग्य नाही. दमलेल्या, पिछाडीवर पडलेल्या संघाला आधी ठरलेली गोष्ट आठवून देणारा एक ठळक इशारा लागतो आणि उत्कट माणसाचा इशारा अधिक ठळक असतो, हे शक्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की इशारा आठवण करून देतो. जे शिकलेलेच नाही ते तो शिकवू शकत नाही. युवा खेळाडूंबाबत तर जास्तच सावध राहायला हवे. ॲलन आणि कोटे यांनी २०१६मध्ये किशोरवयीन फुटबॉलपटूंच्या प्रशिक्षकांचा अभ्यास केला, त्यात शांत आणि प्रश्न विचारणाऱ्या प्रशिक्षकांकडचे खेळाडू सहकाऱ्यांशी नि प्रतिस्पर्ध्यांशी अधिक चांगले वागताना आढळले. टीव्हीवरच्या मॅनेजरची नक्कल करत मुलांच्या सामन्यात कडेला उभे राहून ओरडणाऱ्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यायला हवा.

मॅनेजरचा प्रभावच किती

तिसरे मत दोन्ही बाजूंच्या पायाखालची जमीन तपासते. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी २००९पासून आग्रहाने मांडले, की इंग्लिश क्लबांचे दीर्घकाळातले स्थान मुख्यतः खेळाडूंच्या पगारावरच्या खर्चाने ठरते आणि बहुतेक मॅनेजरांचा वेगळा वाटा फार थोडा असतो. बास तेर वेल यांनी डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या नोंदींवरून दाखवले, की मॅनेजर काढल्यावर दिसणारी सुधारणा ही बहुतांशी वाईट काळ संपून संघ आपल्या सरासरीवर परतण्याचा भाग असते. बुंडेसलिगाच्या दीर्घ नोंदींवर हॉयर आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये काढलेला निष्कर्षही तसाच होता. नवा मॅनेजर आला, त्याच्या आवेशाने ड्रेसिंग रूम पेटली, ही गोष्ट दर हंगामात सांगितली जाते. तिच्यातला मोठा भाग सांख्यिकीचा आहे. तरी याच जर्मन लीगवर मुएलहॉयसर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात मॅनेजर-मॅनेजरमधला फरक लक्षणीय निघाला, त्यामुळे ‘मॅनेजर काहीच करत नाही’ इथवर जाता येत नाही. आपल्या प्रश्नापुरता याचा अर्थ असा: मॅनेजरच्या एकूण वाट्यातून खेळाडूंची निवड, सराव, डावपेच आणि बदल वजा केल्यावर सीमारेषेवरच्या आवेशाला जे उरते ते लहानच असणार.

मॅनेजर कडेला नसतानाचे सामने

वाटे वेगळे करण्याची सर्वांत स्वच्छ संधी टचलाइन-बंदीत मिळते. मॅनेजर आठवडाभर सराव घेतो, संघ तोच निवडतो, फक्त सामन्याच्या वेळी कडेला नसतो. २०१२मध्ये युव्हेंटसचे मॅनेजर अंतोनियो कोंते यांच्यावर त्यांच्या सिएना क्लबमधल्या काळाशी संबंधित शिस्तभंगाच्या प्रकरणात बंदी आली. आधी दहा महिन्यांची असलेली ती नंतर चार महिन्यांवर आणली गेली. ते युव्हेंटसचा सराव घेत राहिले आणि बाकावर आधी मास्सिमो कारेरा, मग अँजेलो अलेस्सिओ उभे राहिले. कोंते हे युरोपातल्या सर्वांत आवेशी मॅनेजरांपैकी एक. त्यांच्या गैरहजेरीत युव्हेंटसने त्या वेळच्या युरोपीय विजेत्या चेल्सीला ३-० हरवले, आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे लीगही जिंकली. याच काळात युव्हेंटसची ४९ सामने अपराजित राहण्याची लीगमधली मालिका इंटरने मोडली, हेही खरे. पण एकूण चित्र कोसळण्याचे नव्हते.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण बंगळुरूला २०२३च्या सॅफ स्पर्धेत घडले. पाकिस्तानविरुद्ध प्रतिस्पर्ध्याच्या थ्रो-इनच्या वेळी चेंडू अडवल्याबद्दल प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना मध्यंतराआधीच लाल कार्ड मिळाले, तेव्हा भारत आघाडीवर होता आणि सामना ४-० जिंकला. कुवेतविरुद्धच्या गटसामन्यात ते पुन्हा बाहेर गेले. आघाडी घेतलेल्या भारताने भरपाईच्या वेळेत स्वयंगोल होऊ दिला आणि सामना १-१ सुटला. नेपाळविरुद्धचा सामना, लेबननविरुद्धची उपांत्य फेरी आणि कुवेतविरुद्धची अंतिम फेरी या तिन्ही वेळी कडेला होते सहायक प्रशिक्षक, गोव्याचे माजी बचावपटू महेश गवळी. भारताने नेपाळला २-० हरवले, उपांत्य नि अंतिम सामने पेनल्टी शूटआउटमध्ये अनुक्रमे ४-२ आणि ५-४ असे जिंकले. स्टिमाच यांच्या आवेशाने संघाला लढण्याची ऊर्जा मिळाली असे म्हणणारेही होते, आणि ते खोडून काढायला पाच सामने पुरत नाहीत. पण मुख्य प्रशिक्षक कडेला नसताना संघ दोनदा शूटआउटच्या ताणातून पार पडला, ही नोंद या वादात मोलाची आहे.

आवेशाची आडवाट: प्रेक्षक आणि पंच

आवेश खेळाडूंवर थेट काम करत नसला तरी तो दुसऱ्या वाटेने निकालात शिरू शकतो. नेव्हिल, बाल्मर आणि विल्यम्स यांनी २००२मध्ये ४० पात्र पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना मूक. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. गारिकानो, पालासिओस-उएर्ता आणि प्रेंडरगास्ट यांनी स्पेनच्या लीगमध्ये दाखवले, की यजमान एका गोलने मागे असतील तर पंच जास्त भरपाई वेळ देतात. कोरोनाकाळात मैदाने रिकामी झाली तेव्हा अनेक लीगमध्ये यजमानांचा फायदा घटला आणि पाहुण्या संघाला मिळणारी कार्डेही कमी झाली. आरबी साल्झबर्गच्या सामन्यांवरच्या लाइटनर आणि रिखलान यांच्या अभ्यासात खेळाडू, प्रशिक्षक आणि अधिकारी यांच्यातले भावनिक प्रसंग १९.५ टक्क्यांनी कमी आढळले. रिकाम्या मैदानात मॅनेजरचा शब्द न् शब्द ऐकू जात होता, तरी भावनेचे तापमान उतरले, म्हणजे ते बरेचसे प्रेक्षकांनी चढवलेले होते. सिमिओने हात वर करून स्टँड उठवतात तेव्हा ते कदाचित या लोकांच्या आवाजालाच कामाला लावत असतात. मॅनेजरपासून प्रेक्षक, प्रेक्षकांपासून पंच, पंचापासून निकाल ही साखळी पूर्ण मोजली गेलेली नाही; तिचा मधला दुवा पक्का आहे, पहिला अजून अंदाजाचा.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठी अडचण आवेश मोजण्याची आहे. ओरडणे, शाबासकी, पंचाशी वाद, स्वतःशी चरफड आणि डावपेचाचा इशारा हे सगळे एकाच शब्दाखाली येते आणि त्यांचे परिणाम वेगळे असण्याची शक्यता दाट आहे. उलट्या कार्यकारणाचा प्रश्नही उभाच आहे, कारण हरणारा मॅनेजर जिंकणाऱ्यापेक्षा अधिक ओरडतो. उपलब्ध अभ्यास बास्केटबॉल, क्रिकेट आणि युवा संघांवर जास्त आहेत, व्यावसायिक फुटबॉलच्या सीमारेषेवर कमी. एकाच ड्रेसिंग रूममध्ये आठ-दहा देशांचे खेळाडू असताना एकाच रागाचा अर्थ ते सारखा लावतात का, हा प्रश्नही पुरेसा तपासला गेलेला नाही. मला वाटते, पुढचा उपयोगी अभ्यास टचलाइन-बंदीच्या नोंदींवरच व्हायला हवा. युरोपातल्या लीगमध्ये अशा बंद्या दर हंगामात होतात, त्या जाहीर असतात, आणि त्या सामन्यांचा निकाल सामन्याआधीच्या अपेक्षेशी ताडून पाहता येतो. मात्र त्यातही एक गोष्ट आधी ठरवावी लागेल: स्टँडमध्ये बसून फोनवरून सहायकाला सूचना देणारा मॅनेजर गैरहजर धरायचा की हजर.